लाकडाला रंग मारायचा की नाही? आधी एक कोपरा पुसून बघा

गणपती झाले की टपालात रंगाचे प्रश्न वाढतात, दिवाळी तोंडावर असते ना. यावेळी बहुतेक सगळे प्रश्न जुन्या घरांतल्या लाकडाचेच आलेत, म्हणून एकत्रच घेते. पहिलं पत्र सविस्तर घेतलंय, बाकीच्यांना त्यातलं बरंचसं लागू पडेल.

प्रश्न : नमस्कार ताई, वाईला आमचा जुना वाडा आहे, नक्की किती जुना ते कुणालाच माहीत नाही, दोन चौकांपैकी आता एकच उरलाय. ओसरीचे खांब, तुळया, माजघराचं दार, माडीचा कठडा सगळं सागवानी आहे पण पार काळं पडलंय. मार्गशीर्षात मुलाचं लग्न आहे आणि केळवण, देवक सगळं वाड्यातच करायचं ठरलंय. धाकटे दीर पुण्याला असतात, त्यांचं म्हणणं सगळ्या लाकडाला पांढरा ऑइलपेंट मारून टाकू, घर उजळेल, फोटोही छान येतील. पेंटर म्हणतो चार दिवसांत करून देतो. सासूबाई म्हणतात लाकडाला कुणी हात लावायचा नाही. मिस्टरांचं काही मत नाही, नेहमीप्रमाणे. मला खरं सांगू का, तो अंधार नकोसा होतो, पण पांढरे खांबही डोळ्यांसमोर येत नाहीत. काय करावं? — एक वाचक, वाई

उत्तर : दिरांना थांबवा, आणि सासूबाईंनाही जरा समजवा, कारण हात न लावल्यामुळेच ते लाकूड असं दिसतंय. तुमची अंधाराची तक्रार मात्र अगदी खरी आहे, तिच्याकडे शेवटी येतेच.

आधी हे काळं म्हणजे काय ते बघायला हवं. वाड्यात चूल पेटत होती, समया आणि कंदील होते, वर्षानुवर्षं खांबांना तेलकट हात लागत होते, त्यावर धूळ बसत गेली, हे सगळं मिळून तो थर झालेला असतो. माजघराच्या दाराची मागची बाजू किंवा कोपऱ्यातल्या खांबाची भिंतीकडची बाजू, अशी कुणाला दिसणार नाही ती जागा निवडा. कोमट पाण्यात रिठा कुस्करा, नाहीतर भांड्यांच्या लिक्विडचे दोनचार थेंब टाका, मऊ फडका बुडवून घट्ट पिळा आणि तळहाताएवढी जागा पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. फडका काळा झाला आणि खाली तपकिरी लाकूड दिसलं तर ती नुसती काजळी होती, अर्धं काम झालंच समजा. काहीच निघालं नाही तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून घासा. जागा चिकट झाली आणि बोळ्याला लालसर तपकिरी रंग आला तर वर चपडा लाखेचं पॉलिश आहे, म्हणजे आपण ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतो ते. ते जुनं झालं की काळपट होतं, पण स्पिरिटने निघतं आणि परत लावताही येतं, हा त्याचा मोठा गुण. स्पिरिटला दाद दिली नाही आणि थिनरलाही नाही, तर कुणीतरी मधल्या काळात व्हार्निश किंवा तसलंच काही चढवलेलं असणार. हा सगळा अर्ध्या तासाचा खेळ आहे, पेंटर घरात शिरायच्या आधी तो करून घ्या. सोडा किंवा कॉस्टिक घालून खांब धुऊन काढायचा सल्ला कुणीतरी देईलच, तो ऐकू नका, त्याने साग आणखी काळा पडतो.

आता पांढरा का नको ते सांगते. सागात स्वतःचं तेल असतं, त्यामुळेच तो वाळवीला आणि पाण्याला इतकी वर्षं पुरून उरतो, पण त्या तेलामुळेच त्याच्यावर रंग नीट धरत नाही. थिनरने पुसून, घासून, चांगला प्रायमर लावून मग रंग दिला तर धरतो, पण चार दिवसांत अख्खा वाडा म्हणणारा पेंटर यातलं काय काय करणार आहे ते तुम्हीच ओळखा. पांढऱ्यातून मग काही दिवसांनी पिवळे तपकिरी डाग वर यायला लागतात, लाकडातला रंग आणि वर उरलेली काजळी झिरपत बाहेर येते, ते थांबवायला डाग अडवणारा वेगळा प्रायमर लागतो. शिवाय वाड्याचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं, खांब आणि तुळईच्या सांध्यांवर रंगाला भेगा जातात, आणि काळ्या लाकडावरचा पांढरा रंग फाटला की तो मूळ काळ्यापेक्षा वाईट दिसतो.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे परत फिरता येत नाही. सागाच्या रेषांतली छिद्रं मोठी असतात, रंग त्यांत जाऊन बसतो. उद्या तुमच्या सुनेला वाटलं की लाकूड पुन्हा मोकळं करावं तर रिमूव्हर लावून, खरवडून, पॉलिश पेपर मारूनसुद्धा त्या रेषांत पांढरे ठिपके राहतातच, कोरीव काम असेल तर विचारूच नका. आपल्याकडच्या देवळांच्या सभामंडपांत बघा, एकेक जीर्णोद्धार झाला की कोरीव खांबांवर आणखी एक झगझगीत थर, शेवटी वेलबुट्टी कुठली आणि मोर कुठला तेच कळत नाही. आज न रंगवता दहा वर्षांनी रंगवायचं ठरलं तर कधीही रंगवता येईल, उलटं करायचं म्हटलं तर पैसेही जाणार आणि लाकूडही झिजणार.

आणि रंग लपवतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण तुमच्याकडे लग्नाची माणसं येणार आहेत. वाड्यात सडतं कुठे, तर तुळईचं टोक जिथे मातीच्या भिंतीत शिरतं तिथे, खांबाचा पाय तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर, टेकतो तिथे, आणि पन्हाळ गळतं त्याच्या खालच्या वाशांत. बाहेरून पांढराशुभ्र चकचकीत खांब आणि आत भुगा, असं होऊ शकतं. आत्ता लाकूड उघडं आहे तर फायदा घ्या. दाभण किंवा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन या सगळ्या जागा टोचून बघा, टोक सहज आत गेलं तर सुताराला बोलवा, ठोकल्यावर ठणठणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर शंका घ्या. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी, खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर भुंगा. रंगाने यातलं काहीही थांबत नाही, लोकांना वाटतं थांबतं. माडीवर पंगत बसवायचा विचार असेल तर पेंटरच्या आधी जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेला इंजिनिअर बोलवा, शंभर माणसांचं वजन आणि पन्नास माणसांचा नाच हे त्या तुळयांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेलं नसणार.

अंधाराचं म्हणाल तर तो खांबांमुळे नसतो हो. खांब किती जागा व्यापतात? उजेड खातात त्या भिंती आणि वरचा कडीपाट, म्हणजे लाकडी छत. भिंतींना पांढरा चुना द्या, मातीच्या भिंतीला चुनाच चांगला, प्लॅस्टिक पेंटने ओल आत कोंडते. फक्त चुना देताना खांब आणि चौकटी कागद, जुनी धोतरं, जे असेल त्याने झाका, चुन्याचे शिंतोडे सागावर काळे डाग पाडतात. कडीपाटाची काजळी आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग वर सांगितलं तसं पुसा, नुसत्या तेवढ्यानेही खोली बदलल्यासारखी वाटते. कौलारू छप्पर असेल तर मधली दोनचार कौलं काचेची बसवून घ्या, जिथे खालून थेट छप्पर दिसतं त्या जागांवर, या एका कामाने जेवढा उजेड येतो तेवढा डबाभर पांढऱ्या रंगाने येत नाही. आणि तुळयांच्या वरच्या बाजूने पिवळसर एलईडी लावा, उजेड वर फेकणारे, वायरिंग मात्र पाइपमधून, लाकडाला खिळे ठोकून उघड्या वायरी नेऊ नका. शनिवारवाडा १८२८ साली आगीत गेला तो सात दिवस जळत होता असं सांगतात, सुकलेलं जुनं लाकूड पेटलं की काय होतं ते पुणेकर दिरांना वेगळं सांगायला नको.

पुसून झाल्यावर लाकडाला काय लावायचं? पॉलिश लाखेचं निघालं आणि बरं असेल तर पॉलिशवाल्याकडून त्यावरच लाखेचे एकदोन हात फिरवून घ्या. उघडं लाकूड निघालं तर उकळलेलं जवसाचं तेल, ज्याला दुकानात डबल बॉइल्ड म्हणतात, ते आणि टर्पेंटाइन निम्मं निम्मं करून फडक्याने पातळ हात द्या, पंधरावीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढा, नाहीतर ते चिकट राहतं आणि धूळ पकडतं. पूर्ण वाळलं की दुसरा हात. पावसाळ्यात हवा दमट असते, पाऊस सरल्यावरच करा, लग्नाच्या महिना दीड महिना आधी उरका म्हणजे वासही जाईल. जवसाने लाकूड थोडं गडद होतं आणि दमट कोपऱ्यात बुरशी धरू शकते, हेही सांगून ठेवते, तिथे हवा खेळती ठेवायची. तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवस वाळताना गरम होतं आणि बोळे आपोआप पेट घेऊ शकतात, ते बाहेर मोकळ्या हवेत सुटे सुटे पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पेंटरने रंग नाही तर नाही, मग मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं चकचकीत कोटिंग मारू, काचेसारखं चमकेल असं म्हटलं तर त्यालाही नको म्हणा. नव्या फर्निचरला ते ठीक आहे, पण जुन्या हलत्या लाकडावर तो जाड पापुद्रा पुढे सुटायला लागतो आणि मधेच दुरुस्त करता येत नाही, सगळं घासूनच काढावं लागतं. दिरांना काहीतरी रंगवायचंच असेल तर वाड्यात नंतर घातलेलं प्लायवूडचं पार्टिशन असेलच एखादं, पत्र्याचं कपाट असेल, फडताळाची आतली बाजू असेल, ती खुशाल पांढरी करू दे. आणि एकदा पुण्यातल्या विश्रामबागवाड्याची दर्शनी बाजू दाखवा त्यांना, १८०७ चं बांधकाम, किंवा राजा दिनकर केळकर संग्रहालयातली जुनी कोरीव दारं. घरातल्या माणसांचं मत घरात बसून सहसा बदलत नाही, बाहेर नेऊन काहीतरी दाखवावं लागतं.

प्रश्न : आमचं राजापूर तालुक्यात चिऱ्याचं घर आहे. दारं, खिडक्या, माजघरातले खांब फणसाच्या लाकडाचे असं बाबा सांगायचे, पण आम्ही कधी लाकूड पाहिलेलंच नाही, कारण त्यावर आधी हिरवा, मग निळा, मग चॉकलेटी असे ऑइलपेंटचे थर आहेत. आता मे महिन्यात सगळे गावी जमणार तेव्हा भावंडांनी मिळून हे सगळं घासून मूळ लाकूड बाहेर काढायचं ठरवलंय, ग्राइंडरला लावायची सँडिंगची चकती पण आणलीय. लहान मुलं पण मदतीला आहेत! काही टिप्स? — रत्नागिरी जिल्हा

उत्तर : पहिली टिप म्हणजे चकती परत पिशवीत ठेवा आणि मुलांना समुद्रावर पाठवा.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर असू नये हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, म्हणजे तुमचे तिन्ही थर त्याच्या आधीचे असतील तर त्यांत शिसं आहे असंच धरून चालायचं. ते भिंतीवर गप्प बसलेलं असतं तोवर फारसं काही करत नाही, पण कोरडं घासलं की त्याची बारीक धूळ होते, ती श्वासातून, हातातून, गाद्यांतून, अंगणातल्या मातीतून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. त्यामुळे मुलं आणि गरोदर बाई घरात असताना हे काम नाहीच.

मग काय करायचं? माझं मत, सगळं काढूच नका. रंग घट्ट बसलेला आहे ना? पोपडे निघत नाहीयेत ना? तर खांब आणि आतल्या खिडक्या ओल्या फडक्याने पुसून, ओलसर वॉटर पेपर हलका फिरवून वरून एक नवा चांगला हात द्या, बिनशिशाचा, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. जुना थर खाली बंद राहतो, हा कमी खर्चाचा आणि सुरक्षित मार्ग आहे. लोकांना वाटतं आतलं लाकूड म्हणजे खजिनाच निघणार, पण पूर्वी ज्या फळ्यांना गाठी होत्या, भेगा लांबी (पुट्टी) भरून बुजवल्या होत्या, जोड वेगवेगळ्या लाकडांचे होते, त्यांना बऱ्याचदा म्हणूनच रंग दिलेला असायचा. फणस म्हणाल तर तो ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो आणि जुना झाला की लालसर तपकिरी होतो, तेव्हा आतून पिवळंधमक काही निघेल अशी अपेक्षा ठेवू नका.

एखादी गोष्ट मोकळी करायचीच असेल तर पुढचं दार करा, गणेशपट्टी (गणपती कोरलेली वरची पट्टी) असलेली चौकट असेल तर तीही. दाराच्या फळ्या बिजागरीतून काढून घरापासून लांब मांगरात, म्हणजे बाहेरच्या खोपीत, न्या, खाली प्लॅस्टिक अंथरा, पेंट रिमूव्हर लावून पापुद्रा फुगला की बोथट पत्र्याने ओलाच खरवडा, खरवड पिशवीत बांधून ठेवा, आगीत टाकू नका आणि माडाच्या आळ्यात तर मुळीच टाकू नका. रिमूव्हरचा वास बंद खोलीत धोक्याचा असतो, हवेशीर जागाच हवी. शिशाच्या धुळीसाठी तोंडाला फडका पुरत नाही, एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो, कामाचे कपडे वेगळे धुवायचे. स्टोव्हची ज्योत किंवा ब्लो लॅम्प रंगावर धरायची जुनी पद्धत आहे ती सोडून द्या, त्यात शिशाची वाफ होते आणि चौकटही करपते.

लाकूड मोकळं झाल्यावर कोकणात पूर्वी काजूच्या टरफलाचं तेल लावायचे, कीड लागू नये म्हणून. ते उपयोगी आहेच, पण कातडीला लागलं तर फोड येतात आणि लाकूड काळंकुट्ट होतं, दर्शनी दाराला नको, वाशांना आणि मागच्या बाजूंना ठीक. आणि हो, तुमच्याकडचा पाऊस थेट अंगावर घेणारं पश्चिमेचं दार असेल तर ते रंगवलेलंच राहू द्या, तेल तिथे एका पावसाळ्याच्या पुढे जाणार नाही.

प्रश्न : गिरगावात आमचं जुनं लाकडी गॅलरी असलेलं घर आहे. गॅलरीचा कठडा आणि पट्ट्यांच्या खिडक्या कायम रंगवलेल्या होत्या, आता पॉलिशवाला म्हणतो सगळं काढून नॅचरल करा, खाली बर्मा टीक (ब्रह्मदेशी साग) आहे, रंग मारणं म्हणजे पाप. खरंय का? — मुंबई

उत्तर : पाप वगैरे काही नाही. वरच्या वाड्याच्या बाबतीत मी रंगाला नको म्हटलं कारण तिथलं आतलं लाकूड बहुतेक कधीच रंगवलेलं नव्हतं, तुमच्याकडे पत्र्याच्या पावळीखाली ऊन, पाऊस, खारा वारा खाणारं बाहेरचं काम आहे आणि ते बांधलं तेव्हापासूनच रंगवलेलं असण्याची शक्यता जास्त. गिरगावातल्याच खोताच्या वाडीत चक्कर मारा, तिथल्या जुन्या घरांच्या गॅलऱ्या, जिने, खिडक्या रंगीतच दिसतील, गोव्यातल्या जुन्या घरांतही तसंच. मूळ म्हणजे नेहमी उघडं लाकूड असं नसतं.

खात्री करायची तर खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात ब्लेडने नाण्याएवढी जागा तिरपी, अलगद आणि ओली करून खरवडा, थर पायऱ्यांसारखे दिसतील. सगळ्यात खालचा थर सरळ लाकडाला चिकटलेला प्रायमर आणि रंग असेल, त्याखाली पॉलिशची चकाकी किंवा मळ नसेल, तर घर जन्मापासून रंगीतच होतं. तो खालचा रंग कुठला निघतोय ते बघून तोच परत द्या, हे मला फार आवडतं, बऱ्याच वेळा आजच्या चॉकलेटीखाली सुरेख हिरवा नाहीतर राखाडी सापडतो. आणि बर्मा टीकचं म्हणाल तर त्या काळच्या मुंबईत ते भरपूर यायचं हे खरं, पण प्रत्येक पट्टी टीकचीच असेल असं नाही, कठड्याचा वरचा दांडा टीक आणि झालरीची नक्षी देवदाराची असं मिश्रण निघतं, देवदार मऊ असतो, त्याला रंगाचं कवच लागतंच. उन्हात पॉलिश वर्ष दोन वर्षांत उडतं. पॉलिशवाल्याला दरवर्षी काम मिळेल, तुम्हाला दरवर्षी बिल.

फक्त एक बघा, तुमची इमारत किंवा परिसर हेरिटेज यादीत असेल तर दर्शनी भागात बदल करण्याआधी पालिकेची परवानगी लागू शकते, मुंबईत हे नियम १९९५ पासून आहेत. कामाला सुरुवात करायच्या आधी वॉर्ड ऑफिसमध्ये विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत १९२० च्या दशकातलं घर घेतलंय. सगळीकडे दाराखिडक्यांभोवती आणि भिंतींच्या तळाशी गडद लाकडी पट्ट्या. बायकोला सगळं पांढरं हवंय, इथले शेजारी म्हणतात ओरिजिनल लाकूड रंगवलं तर घराची किंमत जाईल. मला भांडण नकोय. — एक वाचक, अमेरिका

उत्तर : शेजाऱ्यांना घर विकायचं नाहीये, तुम्हाला राहायचंय, तेव्हा त्यांचं मत थोडं बाजूला ठेवा. पण लाकूड कुठलं ते बघा. त्या काळच्या घरांत पुढच्या खोल्यांना ओक किंवा तसंच चांगलं लाकूड आणि वरच्या बेडरूमना स्वस्त पाइन किंवा फर असा प्रकार पुष्कळ ठिकाणी असायचा, आणि ते स्वस्त लाकूड तेव्हाही अनेकदा रंगवलेलंच असे. मग भांडण मिटवणं सोपं आहे, वरचा मजला बायकोचा, खालचा हॉल आणि जिना तसाच. त्या हॉलमध्ये आधी भिंतीचा रंग बदलून बघा, गडद लाकडाशेजारी करडा किंवा निळसर पांढरा घेतला तर लाकूड मळकट दिसतं, तोच थोडा पिवळसर, सायीच्या छटेचा घेतला तर ते उठून दिसतं. मला वाटतं बऱ्याच घरांत प्रश्न तिथेच संपतो.

रंगवायचंच ठरलं तर त्यावरचं फिनिश बहुतेक लाखेचं असेल, स्पिरिटच्या बोळ्याने कळेल. सरळ लॅटेक्स (पाण्यात मिसळणारा रंग) मारला तर नखाने सोलून निघेल आणि खालचे तपकिरी डागही वर येतील, आधी मळ काढून, हलकं घासून, लाखेचा बेस असलेला प्रायमर लावायचा. कुठे आधीच रंगवलेला भाग असेल तर तिथे तुमच्याकडेही शिशाचा प्रश्न आहे, अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ मध्ये, तुमचं घर त्याच्या कितीतरी आधीचं. घासायच्या आधी तपासून घ्या, घरात रांगतं बाळ असेल तर सर्टिफाइड माणसाकडूनच काम करून घ्या.

प्रश्न : उंबरठ्याला लाल ऑइलपेंट द्यावा का? रोज हळदकुंकू, पाणी, रांगोळी होते, लाकूड खराब होतंय. — सातारा

उत्तर : द्या की. उंबरठा झिजायलाच असतो, पायाखाली कुठलंच पॉलिश टिकत नाही. फक्त आधी खालची बाजू ओली राहतेय का ते बघा, फरशी धुतल्यावर पाणी उंबरठ्याखाली शिरत असेल तर वरून रंग देऊन उपयोग नाही, ती फट आधी बुजवा. पितळी फुलं किंवा पट्ट्या ठोकलेल्या असतील तर रंगवताना त्यांच्यावर व्हॅसलीन चोळून ठेवा, रंग चिकटत नाही, नंतर पुसून टाकायचं. आणि लाल रंग वाळायला दोन दिवस तरी द्या, तोवर घरच्यांना मागच्या दाराने जा म्हणावं.